घरचा जमाखर्च: नित्य आणि नैमित्तिक

आपल्या धर्मशास्त्रकारांनी गृहस्थाश्रमी माणसाच्या कर्मांची नित्य आणि नैमित्तिक अशी जी विभागणी केली, ती घरच्या पैशाचा विचार करतानाही फार उपयोगी पडते. दूध, किराणा, वीज, घरभाडे, मुलांची फी, कामावर जाण्यायेण्याचे भाडे हा झाला नित्य खर्च. आणि मुलामुलींची लग्ने, घराची खरेदी, मोठे दुखणे, सेवानिवृत्ती आणि कर्त्या माणसाचा मृत्यू ही झाली निमित्ते. सर्वसाधारण समजूत अशी आढळते की, नित्य खर्च कसाबसा निभावतो, परंतु नैमित्तिक खर्चाचा घाला पडला म्हणजे संसार खचतो. आणि म्हणून पैशाविषयी जो उपदेश मध्यमवर्गीय घरांतून होतो, तो बहुधा लग्नातल्या उधळपट्टीविषयी किंवा जागांच्या किमतींविषयी असतो. या प्रकरणात मला निराळी बाजू मांडावयाची आहे. मोठ्या प्रसंगी घराचे काय होणार हे त्या प्रसंगापूर्वीच्या अनेक वर्षांत, कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या लहानसहान निर्णयांनी, बहुतांशी ठरून गेलेले असते. आणि ज्या थोड्या गोष्टी ठरावयाच्या राहिलेल्या असतात, त्या ठरविण्यास लागणारे चित्तस्वास्थ्य नेमके त्याच वेळी माणसापाशी नसते.

याला महाराष्ट्राच्या इतिहासातलाच एक पुरावा आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. हा दंगा पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. परंतु त्यात रक्तपात फारसा झाला नाही, कारण लोकांना हवे होते ते सावकाराच्या पेटीतले कर्जरोखे, आणि ते हाती लागताच जाळून टाकण्यात आले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. शेतकरी मूळचाच उधळ्या, लग्नात ऐपतीबाहेर खर्च करतो आणि म्हणून बुडतो, हे मत त्या काळी अंमलदारांत बरेच रूढ होते. आयोगाने मात्र या कारणाला वाजवीहून अधिक महत्त्व दिले गेले आहे असा अभिप्राय नोंदविला. लग्नाचा खर्च भारी खरा, पण तो क्वचित येणारा. धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुनःपुन्हा काढलेली लहान लहान कर्जेच रयतेचा बोजा अधिक वाढवितात, असे त्याला दिसून आले. शिवाय मुदतीच्या कायद्याने रोखा निकामी होऊ नये म्हणून सावकार दर दोन-तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी, आणि त्या वाढीव मुद्दलावर पुन्हा व्याज चालू होई. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी जो कायदा झाला, त्याच्या मुळाशी ही चौकशी होती.

सुप्याचा सावकार गेला, परंतु त्याच्या रोख्याचे गणित गेलेले नाही. क्रेडिट कार्डाची बाकी पुढच्या महिन्यावर ढकलली असता अनेक बँका तिच्यावर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आकारतात, म्हणजे दरसाल दर शेकडा बेचाळीस. समजा, एखाद्याची बाकी ५०,००० रुपये आहे. पहिल्या महिन्याचे व्याज १,७५० रुपये, त्यावर अठरा टक्क्यांप्रमाणे जीएसटी ३१५ रुपये. म्हणजे त्याने २,५०० रुपये भरले तर मुद्दलात जमा होतात केवळ ४३५. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो भरल्याने दंड टळतो, पण कर्ज जवळजवळ होते तेथेच राहते. आणि त्या कार्डावर पुढच्या महिन्याचा किराणा घेतला गेला की थकलेल्या बाकीमुळे त्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागते. हप्त्याने घेतलेला मोबाइल, पगाराच्या आधी ॲपवरून उचललेले पाच-दहा हजार, सोसायटीचे तातडीचे कर्ज, या साऱ्यांचा एकेक आकडा इतका लहान असतो की त्याविषयी घरात चर्चादेखील होत नाही. लग्नाच्या खर्चाची चर्चा मात्र वर्षभर चालते.

तेव्हा पहिली गोष्ट, घरात रोजकीर्द असावी. वही असो वा मोबाइल असो, त्याने काही बिघडत नाही. जुन्या पिढीतल्या कित्येक गृहिणी भिंतीवरच्या कॅलेंडराच्या मागील कोऱ्या बाजूवर दुधाचा, इस्त्रीचा आणि वाण्याचा हिशेब मांडीत, आणि तेवढ्या बळावर घरातील कर्त्या पुरुषापेक्षा त्यांना घराची खरी स्थिती अधिक कळे. काटकसर हा या लिहिण्याचा मुख्य हेतू नव्हे. काय आहे ते कळावे एवढाच हेतू. सलग तीन महिने प्रामाणिकपणे लिहिले तर मिळकतीतला किती भाग हप्ते, भाडे आणि फी यांना आधीच बांधून टाकलेला आहे हे स्पष्ट होते. आणि संकटकाळी माणसाला जो वाकण्यास वाव असतो, तो या बांधलेल्या भागाबाहेर जे उरते तेवढाच असतो. किमान सहा महिन्यांचा असा बांधील आणि अत्यावश्यक खर्च, हवा तेव्हा काढता येईल अशा रीतीने बँकेत शिल्लक असावा. ही रक्कम वाढत नाही म्हणून हळहळणारे लोक भेटतात; परंतु तिचे काम वाढण्याचे नसून घरावर बिकट वेळ आली असता बेचाळीस टक्क्यांच्या दारात जाऊ न देण्याचे आहे.

बचत कशी करावी, याचे उत्तर सरकारने १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधीच्या कायद्यात देऊन ठेवले आहे. कामगाराच्या पगारातून बारा टक्के आधीच कापले जातात, मालकही तितकेच घालतो, आणि पैसा हातात पडतच नसल्यामुळे तो खर्च करण्याचा मोह उत्पन्न होत नाही. असंख्य कुटुंबांत निवृत्तीच्या वेळी जी काही ठोस पुंजी निघते ती या निधीचीच. भिशीचे यशही याच तत्त्वावर उभे आहे: वीस मैत्रिणींनी दरमहा दोन हजार काढावे, चाळीस हजारांची चिठ्ठी पाळीपाळीने एकेकीस मिळावी, आणि मैत्रिणींसमोर हप्ता चुकविण्याची लाज वाटून प्रत्येकीची बचत व्हावी. परंतु भिशी चालविणारी व्यक्ती अर्धवट मुदतीत गाव सोडून गेली तर बहुधा लेखी पुरावा कोणापाशी नसतो, म्हणून ती ओळखीच्या वर्तुळात आणि लहान रकमेपुरतीच राहावी हे बरे.

लवकर आरंभ करण्याचे महत्त्व आकड्यांनीच पटते. दरमहा २,००० रुपये आठ टक्के दराने तीस वर्षे साठविले तर एकंदर भरणा ७ लाख २० हजारांचा होतो आणि हाती येतात सुमारे ३० लाख. हाच आरंभ दहा वर्षे उशिरा केला तर भरणा ४ लाख ८० हजार, आणि हाती येणारी रक्कम १२ लाखांहूनही थोडी कमी. दहा वर्षांत न भरलेले २ लाख ४० हजार रुपये अखेरीस अठरा लाखांचा फरक करतात. अर्थात हेच चक्रवाढ गणित महागाईच्या बाजूनेही चालते. दरसाल सहा टक्क्यांनी भाव चढले तर बारा वर्षांत ते दुप्पट होतात, आणि पेटीत ठेवलेल्या शंभराच्या नोटेस पन्नासाचेच मोल उरते. म्हणून सर्व बचत बचत खात्यात पडू देणे हेही नुकसानच. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी १९६८ च्या कायद्याने सुरू झाला. त्याची पंधरा वर्षांची मुदत अनेकांना जाचक वाटते, परंतु त्यातील शिल्लक कर्जवसुलीच्या दाव्यात न्यायालयीन जप्तीपासून मुक्त असते, हा तिचा गुण फारच थोड्यांना ठाऊक आहे.

आता जामिनकीचा विषय. आपल्याकडील पतसंस्था आणि नोकरदारांच्या सोसायट्या यांचा व्यवहार सहकाऱ्यांच्या जामिनकीवर चालतो. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरचा सहकारी अर्ज पुढे करतो, ‘भाऊसाहेब, एक सही लागते,’ म्हणून विनंती करतो, आणि नाही म्हणणे असभ्यपणाचे वाटून माणूस सही करून मोकळा होतो. या सहीला तो शिफारस समजतो. कायदा तसे समजत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमान्वये, करारात निराळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. आणि धनकोने आधी ऋणकोची मालमत्ता धुंडाळून मगच जामीनदाराकडे यावे अशी सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली स्पष्ट केले आहे. ज्याचा पगार नियमित आणि पत्ता ठाऊक, त्याच्याकडून वसुली करणे सोपे. म्हणून मूळ कर्जदार नोकरी सोडून परागंदा झाला असता पहिली नोटीस बहुधा सज्जन जामीनदाराच्याच घरी येते. त्याने कर्ज घेतलेले नसते, पैसा वापरलेला नसतो, कित्येकदा तर बायकोला सही केल्याचे सांगितलेलेही नसते. स्वतःच्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागावयास तो जातो तेव्हा दुसऱ्याच्या थकबाकीमुळे आपली पत खालावली आहे, हे त्याला तेथे कळते.

जामीन कोणालाच राहू नये असे मी म्हणणार नाही. सहकाराची सारी चळवळ या परस्परविश्वासावर उभी राहिली आणि बिनतारण गरिबाला तिने सावकाराच्या दारातून सोडविले, हे तिचे ऋण आपल्यावर आहे. परंतु सही करण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: ही सारी रक्कम मला भरावी लागली, तर ती भरून माझे घर उभे राहील काय? उत्तर होकारार्थी असेल, आणि माणूस त्या त्यागास पात्र असेल, तर खुशाल सही करावी आणि तीही घरात सांगून करावी. तसे नसेल तर स्नेह्याला नकार देण्याचा क्षणभराचा संकोच पत्करावा.

लग्नाकडे वळू. शिलकीतून केलेल्या लग्नखर्चाविषयी मला फारसे म्हणावयाचे नाही. तो ज्याच्या त्याच्या रुचीचा आणि हौसेचा प्रश्न आहे. कर्ज काढून केलेल्या खर्चाविषयी मात्र म्हणावयाचे आहे, कारण त्याचा हप्ता वधुपित्याच्या निवृत्तीनंतरही चालू राहतो, किंवा नव्या जोडप्याचा पहिला पगार त्यात जातो. सोन्याची गोष्ट निराळी. सोने हे आपल्या घरांतील स्त्रियांचे शतकानुशतकांचे संचित आहे. १९६३ मध्ये मोरारजी देसाई यांच्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटांहून शुद्ध दागिने घडविण्यास बंदी घातली, आणि तरीही लोकांची सोन्यावरची श्रद्धा ढळली नाही. श्रद्धेला कारणही आहे, कारण अडचणीच्या वेळी सोने तारण ठेवून काही तासांत पैसा उभा राहतो. परंतु दागिना आणि सोने यांत भेद केला पाहिजे. दागिना घेताना घडणावळ द्यावी लागते, कर द्यावा लागतो, खड्यांचे पैसे द्यावे लागतात, आणि मोडताना यांपैकी काहीच परत मिळत नाही, वर तूट धरली जाते. ल्यावयाचे सोने हौसेने घ्यावे. साठवणीसाठी वळे किंवा नाणी घ्यावीत. आणि एक गोष्ट पुरुषांनी विशेष ध्यानात धरावी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्रीला तिच्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली आणि स्त्रीधन सर्वस्वी पत्नीचे आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये निःसंदिग्ध सांगितले. तेव्हा धंद्यासाठी बायकोचे दागिने गहाण टाकणारा नवरा घरचा पैसा वापरीत नसून एका स्वतंत्र धनकोकडून कर्ज घेत असतो, आणि ते फेडण्याची त्याची जबाबदारी बँकेच्या कर्जाहून तिळमात्र कमी नाही.

घराच्या कर्जाचा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने मांडून पाहावा. वीस लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत: हप्ता सुमारे १८,००० रुपये. पहिल्या हप्त्यातले १५,००० व्याजाचे आणि जेमतेम तीन हजार मुद्दलाचे असतात. वीस वर्षांत एकंदर फेड ४३ लाखांवर जाते. हेच कर्ज पंधरा वर्षांत फेडावयाचे ठरविले तर हप्ता सुमारे २०,३०० रुपयांचा होतो आणि एकंदर फेड साडेछत्तीस लाखांच्या आसपास राहते; म्हणजे दरमहा सुमारे तेवीसशे रुपये अधिक सोसले असता साडेसहा लाखांहून अधिक वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व फेड करणाऱ्यास दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून बँकांना मनाई केली आहे, तेव्हा दिवाळीचा बोनस मुद्दलात भरण्यास कोणतीच अडचण नाही. व्याजाचा दर वाढला म्हणजे बँक पुष्कळदा हप्ता न वाढविता मुदत वाढविते, खातेदाराला काही जाणवत नाही, आणि निवृत्तीच्या आधी संपावयाचे कर्ज निवृत्तीनंतर चार वर्षांवर जाऊन पोहोचते. वर्षातून एकदा कर्जखात्याचा उतारा मागवून उरलेली मुदत पाहावी.

या कर्जाबरोबर विम्याचा विचार येतो. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला दोनशे पंचेचाळीस विमा कंपन्या व संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. तेव्हापासून आपल्याकडे विमा हा बचतीचाच एक प्रकार मानण्याची सवय दृढ झाली, आणि ‘मुदतीअखेर काय मिळणार?’ हा पहिला प्रश्न होऊन बसला. माझ्या मते पहिला प्रश्न असा असावा की, कर्ता माणूस उद्या नाहीसा झाला तर कर्ज कोण फेडील आणि मुले कशावर शिकतील? या प्रश्नाचे उत्तर शुद्ध मुदतीचा विमा देतो. मुदतीअखेर काहीच परत न मिळणारा, आणि म्हणूनच थोड्या हप्त्यात मोठे संरक्षण देणारा. ज्यांचा धंदा कर्जावर चालतो अशांनी तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे विमा उतरवावा, म्हणजे ती रक्कम त्यांच्यासाठी न्यास म्हणून राहते आणि धनकोंना तिला हात लावता येत नाही. विमा उतरविताना एक फॉर्म भरावा लागतो. त्या वेळीच हे निवडावे लागते, नंतर नाही.

आजारपणाविषयी थोडक्यात सांगतो. आरोग्य विम्याच्या अर्जात मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची शस्त्रक्रिया यांपैकी काहीही लपवू नये. एजंट ‘त्याची गरज नाही’ म्हणाला तरी लपवू नये. जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काल असू शकतो, म्हणून हा विमा धडधाकट वयातच घ्यावयाचा असतो. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, तसेच मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा विनामूल्य आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के सवलतीत राखून ठेवण्याची झालेली व्यवस्था, या दोहोंची चौकशी रुग्णालयात दाखल होताच करावी. घर गहाण टाकल्यानंतर ही माहिती कळलेली कुटुंबे थोडी नाहीत.

साठविलेला पैसा कोठे ठेवावा, या प्रश्नात आपल्याकडे ओळखीला फार किंमत आहे. चेअरमन आपल्या गावचे, मॅनेजर नात्यातले, आणि व्याज अर्धा टक्का जास्त, एवढ्यावर जन्माची पुंजी एका ठिकाणी ठेवली जाते. १९६० साली केरळातील पालै सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर ठेवींच्या विम्याचा कायदा होऊन १ जानेवारी १९६२ पासून हे संरक्षण सुरू झाले. आरंभी त्याची मर्यादा १,५०० रुपये होती, ती वाढत वाढत ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. हे पाच लाख एका बँकेतील एका ठेवीदाराचे, सर्व शाखांतील सर्व ठेवी आणि त्यांवरील व्याज मिळून होत. दोन शाखांत पैसे विभागल्याने संरक्षण दुप्पट होत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा आरंभी खातेदाराला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती, आणि निवृत्तांना औषधांपुरतेही पैसे मिळेनासे झाले. पतसंस्थांतील ठेवींना तर हा विमा लागूच नाही. शेजारीशेजारी दोन पाट्या लागलेल्या असतात, एक सहकारी बँकेची आणि एक सहकारी पतसंस्थेची, आणि दोहोंच्या ठेवपावत्या दिसावयास सारख्याच असतात. परंतु एकीमागे कायद्याचे संरक्षण आहे आणि दुसरीमागे केवळ संचालकांची सचोटी. सचोटीने चाललेल्या पतसंस्था महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, तरीही निवृत्तीची सारी रक्कम एकाच ठिकाणी ठेवणे शहाणपणाचे नाही.

निवृत्तीच्या दिवशी माणसाच्या हाती त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी रोकड एकदम येते, आणि त्याच सुमारास मुलाला फ्लॅट घ्यावयाचा असतो. बाप पैसे देतो. त्यात वावगे काही नाही. वावगे होते ते राहते घर देण्यात. महाराष्ट्रात राहते घर पती-पत्नी, मुलगा-मुलगी, नातू-नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क केवळ दोनशे रुपये लागते. एवढ्या स्वल्प खर्चात व्यवहार उरकतो म्हणून ‘नंतर कटकट नको’ या भावनेने आईवडील हयातीतच घर मुलाच्या नावे करतात, आणि मग स्वतःच्याच घरात त्यांना कायद्याने जागा उरत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या तेविसाव्या कलमान्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ न झाल्यास परत मिळविता येते. परंतु त्यासाठी ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असणे श्रेयस्कर, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मुलाविरुद्ध न्यायाधिकरणाची पायरी चढणे किती क्लेशकारक असते हे निराळे सांगावयास नको. हयातीत घर द्यावयाचे नाही; मृत्युपत्राने द्यावयाचे.

मृत्युपत्र म्हटले की आपल्या घरांतून अभद्र बोलल्यासारखे वाटते, आणि हे काम अनिश्चित काळापर्यंत तहकूब राहते. त्याऐवजी लोक बँकेत वारसाचे नाव घालतात, म्हणजे नामनिर्देशन करतात, आणि सारे झाले असे समजतात. हा समज घातक आहे. १९८३ च्या निकालात आयुर्विम्याच्या रकमेविषयी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारण्याची अधिकारी असते, मालक असतेच असे नाही. आणि २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच मत मांडले. विम्याच्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन आईवडील, पती-पत्नी व मुले यांना नामनिर्देशित केले असल्यास रक्कम त्यांचीच होते, हा एक अपवाद. बँकेत आता १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नावे देता येतात. तरी मालकीचा प्रश्न शेवटी मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने सुटतो. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष मयत झाला आणि मागे आई, पत्नी, एक मुलगा व एक मुलगी राहिली, तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे चार समान हिस्से होतात. नवऱ्याच्या पश्चात राहते घर आपोआप आपलेच होते असे मानणाऱ्या कितीतरी स्त्रिया आहेत. त्यांच्या वाट्यास कायद्याने त्याचा चतुर्थांशच येतो, आणि पुढे तो फ्लॅट विकावयाचा झाला तर तेवढ्या सर्वांच्या सह्या जुळवाव्या लागतात.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, मसुदा साध्या कागदावर चालतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ते करणाऱ्याने दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी, आणि दोन्ही साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या कराव्या, एवढे पुरे. साक्षीदार वयाने आपल्याहून लहान असावेत आणि ज्यांना मिळकतीचा लाभ व्हावयाचा आहे त्यांपैकी नसावेत. हयात असेपर्यंत ते कितीदाही बदलता येते.

माझी वाचकांस कळकळीची विनंती एवढीच आहे. येत्या रविवारी पती-पत्नींनी एकत्र बसावे, एका कागदावर सर्व खाती, ठेवी, विमा, भविष्यनिर्वाह निधी, कर्जे, आणि ज्यांच्यासाठी जामीन राहिलो आहोत त्यांची नावे लिहावीत, प्रत्येक ठिकाणी नामनिर्देशन कोणाच्या नावे आहे ते तपासावे, कारण कित्येकांच्या खात्यावर अजून लग्नाआधीचे, मयत झालेल्या वडिलांचेच नाव असते, आणि त्यानंतर मृत्युपत्राचा मसुदा करावा. ज्या घरात हा कागद नसतो तेथे दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते, आणि ती परत मिळविण्यासाठी वारसांना अर्ज, दाखले आणि हेलपाटे यांत बराच काळ घालवावा लागतो. कागदाची एक प्रत बायकोजवळ द्यावी, आणि मुले जाणती असतील तर त्यांनाही दाखवावी.